दरीपासून लांब व्हा

"काकू, पॉइंट कुठाय?"

हा प्रश्न मी बावीस वर्षं ऐकते आहे. सकाळपासून आम्ही बांजच्या जंगलातून चालत असतो. बांज म्हणजे हिमालयातला ओक. एकेका झाडाच्या अंगावर हातभर शेवाळ, शेवाळात नेचे, नेच्यांत नाना तऱ्हेचे किडे, वर फांदीवर एक पक्षी गळा फाडून ओरडतोय, आणि करोल बागेतून नवे कोरे बूट घेऊन आलेला माणूस मला विचारतो, पॉइंट कुठाय. म्हणजे जिथे रेलिंग असतं, मॅगी मिळते आणि फोटो निघतो ती जागा. सुरुवातीला मी समजावून सांगायचे. मग चिडायला लागले. आता नुसतं म्हणते, "मागे राहिला." तो बिचारा खरंच मागे वळून बघतो.

मी दिल्लीत राहते आणि लोकांना डोंगरातल्या जंगलांत चालायला नेते. न्यायचे असं म्हणायला हवं, कारण गुडघ्यांनी यंदा हात वर केलेत. मूळची साताऱ्याकडची, वनस्पतिशास्त्र शिकलेली, नवऱ्याच्या केंद्र सरकारच्या नोकरीपायी इथे आले. क्वार्टरमध्ये बसून भिंती किती दिवस बघायच्या, म्हणून आधी कॉलनीतल्या मुलांना रिजवरची, म्हणजे शहरातल्याच जंगली टेकडीवरची झाडं दाखवायला नेऊ लागले. मग मुलांच्या आया यायला लागल्या, मग कोणीतरी म्हणालं, ताई, पहाडात चला ना. एवढंच माझं करिअर. शिखरबिखर मी एकही सर केलेलं नाही. माणसांना जंगलात न्यायचं आणि जंगलाला पत्ता लागू न देता परत आणायचं, हे माझं काम. ऐकायला सोपं वाटतं.

ज्यांनी हा लेख मागितला त्या संपादकबाईंना गमतीचे किस्से हवे होते, तेही देते. पण खरं सांगायचं तर मी लिहायला बसले ती तन्वी सावंत नावाच्या मुलीमुळे. तेव्हा पंधरा वर्षांची होती. तिच्याविषयी मी एका कागदावर खोटं लिहिलं आणि खाली सही केली. ते खोटं आहे हे मला माहीत नव्हतं, पण म्हणून काही ते खरं होत नाही. त्या कागदामुळे तिचं जंगलात जाणं बंद झालं आणि घरात ती खोटारडी ठरली.

आधी कामाची रीत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. डोंगरातली वाट बहुतेक ठिकाणी जेमतेम दोन माणसांच्या रुंदीची असते. एका बाजूला डोंगराची भिंत, दुसऱ्या बाजूला दरी. पुढे मी, सगळ्यात मागे एक भरवशाचा माणूस, मधे मंडळी. माझ्या पुढे कोणी जायचं नाही, त्याच्या मागे कोणी रेंगाळायचं नाही. वळणं तोडून सरळ खाली घसरायचं नाही, कारण आज दहा जण घसरले की पावसात तिथूनच पाणी वाहतं आणि पुढच्या वर्षी वाटच खचलेली असते. फुलं तोडायची नाहीत, शेवाळ ओरबाडायचं नाही, माकडांना खाऊ घालायचं नाही, गाणी लावायची नाहीत. नेलेलं सगळं परत आणायचं. यात झुडपामागे वापरून दगडाखाली दडवलेला कागदही येतो. सभ्य माणसं त्याविषयी बोलत नाहीत, मला बोलावं लागतं. आणि समोरून ओझ्याची खेचरं आली की डोंगराच्या बाजूला, भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. दरीच्या बाजूला कधीही नाही. खेचराच्या पाठीवरचं ओझं दोन्हीकडे फूटभर बाहेर आलेलं असतं, ते त्याला कळत नाही आणि ते थांबतही नाही. हा शेवटचा नियम लक्षात ठेवा.

नियम सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. एकदा मानेसरच्या एका कारखान्याची मंडळी आली, टीम बिल्डिंग करायला. दर वळणावर घोषणा. जंगलात चिटपाखरू उरलं नाही, आणि संध्याकाळी त्यांचे एक साहेब मला म्हणतात, मॅडम, तुमच्या पत्रकात पक्षी लिहिलेत, ते कुठे आहेत? मी हात टेकले. त्यांच्यातच सतबीरजी नावाचे सुपरवायझर होते, दिवसभर तोंडातून शब्द नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी साहेबांसकट सगळ्यांना रांगेत उभं केलं, प्रत्येकाच्या पिशवीतली बिस्किटं, चॉकलेटं बघितली आणि हरियाणवी वळणाच्या हिंदीत सांगितलं की आमच्याकडे शिफ्ट सुटताना दिलेली हत्यारं परत द्यावी लागतात, तसे संध्याकाळी इथे रॅपर द्यायचे. आणि संध्याकाळी सगळे रॅपर आले हो! माझ्या इतक्या वर्षांच्या भाषणांनी जे जमलं नव्हतं, ते या माणसाने दोन वाक्यांत केलं. पुढे मी ही पद्धत सरळ चोरली.

दुसरा प्रकार मुनिरक्याच्या मुलांचा. परभणीची, धुळ्याची, गडचिरोलीची मुलं, भाड्याच्या खोल्यांत राहून नागरी सेवेच्या परीक्षा देणारी. परीक्षा झाली की चार दिवस हवापालट म्हणून माझ्याबरोबर येतात. झाडाकडे बघत नाहीत, वहीत लिहितात. एकाने मला विचारलं, "मॅडम, बांज वृक्षाचं महत्त्व पाच मुद्द्यांत सांगता येईल का?" जैवविविधतेची व्याख्या तोंडपाठ, आणि ती म्हणता म्हणता संत्र्याची सालं झुडपात. का रे बाबा? तर म्हणे, बायोडिग्रेडेबल आहे. अरे, त्या थंडीत ती साल महिनोन् महिने कुजत नाही. माकडं मात्र वाटेवर येऊन बसायला शिकतात, आणि मग खालच्या गावातल्या बाईच्या हातातली पिशवी ओढतात. हे सांगितलं की तेही वहीत लिहून घेतात. कपाळ माझं!

त्या मुलांत उदगीरचा अल्ताफ शेख होता. तो न लिहिता बघायचा. परीक्षेचा एक प्रयत्न हुकला तेव्हा आला होता, मग जमेल तेव्हा येतच राहिला. रांगेच्या शेवटी चालणारा माणूस असावा तर असा. मागे राहिलेल्याला घाई करायची नाही आणि त्याला एकटंही सोडायचं नाही, हे त्याला न सांगता कळायचं.

आता माझी खरी चीड. दिल्लीत वाढलेली आपली मुलं मराठी बोलतात म्हणजे काय बोलतात, ते एकदा ऐका. "काकू, माझं मन नाही करत." "अजून किती दूर आहे यार, मी बिल्कुल थकून गेली." घरात हे, आणि उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की अख्खी हिंदी. आईबाप कौतुकाने हसतात. माझ्या अंगाचा तिळपापड होतो. नेचे, शेवाळ, ओहोळ, कपार, हे शब्द या मुलांनी जन्मात ऐकलेले नाहीत. शब्दच नाही तर वस्तू दिसणार कशी, असं माझं म्हणणं. ते मी इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या प्रत्येक सभेत मांडायचे आणि लोक घड्याळाकडे बघायचे.

म्हणून आमच्या महाराष्ट्र मंडळाने जेव्हा सुचवलं की ताई, या वर्षी मुलांचा कुमाऊँचा ट्रेक पूर्ण मराठीत घ्या, कानावर शुद्ध मराठी पडू दे, तेव्हा मला कोण आनंद झाला. मी लगेच नियम केला. वाटेवर लोकांनी टाकलेला कचरा आम्ही नेहमी एका पोत्यात गोळा करत जातो. जो हिंदी बोलेल त्याने ते पोतं पुढचा तासभर वाहायचं. सगळ्यांना नियम फार आवडला. मलाही माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं.

पहिल्याच दिवशी तन्वीला दोनदा पोतं मिळालं. बारीक चणीची, चष्मा, केसांची एकच वेणी. पहिल्या वेळी ती एका फांदीकडे बोट दाखवून म्हणाली, "काकू, वो ऊपर क्या उगा है?" फांदीवर नेचे होते, आणि प्रश्न उत्तम होता. मी उत्तर द्यायच्या आधी पोतं दिलं. दुसऱ्या वेळी ती "अच्छा, मतलब" एवढंच म्हणाली. पोरासोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर ती मराठीत बोलण्यापेक्षा गप्प राहायला लागली.

पण बघत होती. तिच्याकडे एक वही होती. कुठल्या झाडाच्या कुठल्या बाजूला नेचे आहेत, किती उंचीवर आहेत, शेवाळ ओलं आहे की सुकं, हे ती चित्र काढून टिपत होती. कोणी सांगितलं नव्हतं. गावाकडे उतरणाऱ्या उन्हाच्या बाजूची झाडं बोडकी आणि ओहोळाकडची भरलेली, हे तिने स्वतः शोधलं होतं. अल्ताफने मला ती वही दाखवली. इतक्या वर्षांत माझ्याबरोबर आलेल्या मुलांत असं मी बघितलं नव्हतं. अल्ताफने सांगितलं की तिला अकरावीला बायोलॉजी घ्यायचंय, वडील तयार नाहीत, आणि या ट्रेकला पाठवावं म्हणून तिने घरी महिनाभर डोकं खाल्लं होतं. मी मनात म्हटलं, दिल्लीला परतलो की हिच्या वडिलांशी बोलायचं. तिला स्वतःला मात्र शाबास म्हटलं नाही. मुलं शेफारतात, असं माझ्या आईचं मत होतं आणि नकळत माझंही आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी निघताना मी नियम पुन्हा सांगितले. खणखणीत मराठीत. खेचरं आली की डोंगराच्या बाजूला, दरीच्या बाजूला नाही. तन्वीने हात अर्धा वर केला, पोत्याकडे बघितलं आणि खाली घेतला. मी ते बघितलं होतं. तरी पुढे बोलत राहिले, कारण निघायला उशीर होत होता.

दुपारी जेवायला थांबलो ती जागा मी नेहमीची निवडलेली. तिथे वाट आत वळते आणि डोंगराच्या कुशीत थोडी सपाट, खडकाळ जागा आहे. गुराखी बसून बसून तिथलं गवत आधीच गेलेलं, त्यामुळे आपण बसलो तर नवं काही तुडवलं जात नाही. मंडळाची निळ्या पट्ट्यांची मोठी सतरंजी आम्ही बरोबर नेतो. प्लास्टिकचे कागद अंथरायचे नाहीत, ते वाऱ्याने उडून जंगलात जातात, म्हणून सुती सतरंजी. ती मी अगदी आत, भिंतीला लागून अंथरली. जेवणं झाली. तन्वी सतरंजीवर मांडी घालून वही काढून बसली. बाकीची मुलं मोबाइल घेऊन वाटेच्या पार बाहेरच्या काठावर, पॉइंट सापडल्यासारखी.

तेवढ्यात वळणापलीकडून घुंगरांचा आवाज आला. भगतदांची खेचरं. भगतदा त्या भागातले जुने खेचरवाले, माझ्या ओळखीचे. खेचरांवर सिमेंटच्या गोण्या, वर गावात नवा होमस्टे बांधत होते त्यासाठी. त्या होमस्टेत पुढच्या हंगामात आमच्यासारखेच निसर्गप्रेमी राहणार होते, तेव्हा दोष तरी कोणाला देऊ.

मुलं अजून काठावरच होती. मी ओरडले, "खेचरं आली! दरीपासून लांब व्हा! सगळे दरीपासून लांब!"

अल्ताफने काठावरच्या दोघांना हाताला धरून आत ओढलं, त्यांच्यामागे बाकीची मुलं आत धावली. आणि तन्वी, जी भिंतीला लागून आत, सगळ्यात सुरक्षित बसली होती, ती वही उचलून घाईघाईने उठली. आतली जागा आता मुलांनी आणि पिशव्यांनी भरली होती. मोकळी होती ती फक्त बाहेरची कड. ती तिथे जाऊन उभी राहिली. मी हाक मारेपर्यंत पहिल्या खेचराची गोणी तिच्या खांद्याला लागली आणि ती दिसेनाशी झाली. किंचाळलीसुद्धा नाही.

माडीवरून पडावं एवढी ती खाली गेली आणि रिंगाळाच्या जाळीत अडकली. रिंगाळ म्हणजे डोंगरातला बारीक बांबू. खालच्या गावातल्या बायका त्याच्या टोपल्या विणतात, आणि ती जाळी कोणी मुळासकट उपटू नये म्हणून गावाची राखण असते. त्या राखणीमुळे ती जाळी तिथे होती. जाळीच्या खाली काही नव्हतं. मी गेल्या बावीस वर्षांत जंगल जपा म्हणून जी जी भाषणं केली, त्यांपेक्षा गावातल्या त्या बायकांनी किती जास्त केलं होतं ते मला त्या क्षणी दिसलं.

भगतदा दोर घेऊन उतरले, मागून अल्ताफ. तिला वर आणलं. घोटा मोडला होता, हात सोलवटलेले, चष्मा गेलेला, वही मात्र छातीशी. आणि मी काय केलं? जीव भांड्यात पडल्यावर माणूस करतो तेच. तडकले. सगळ्यांदेखत.

"मराठी कळत नाही का गं तुला? दरीपासून लांब व्हा म्हणून ओरडत होते ना मी?"

ती रडत नव्हती. माझ्याकडे बघून म्हणाली, "मी लांबच झाले होते, काकू."

"उलट बोलू नकोस," मी म्हटलं.

स्ट्रेचर नव्हतं. सतरंजीला दोन बाजूंनी काठ्या गुंडाळून झोळी केली. अल्ताफ, भगतदा आणि मोठी मुलं आळीपाळीने खांदा देत तिला खालच्या रस्त्यापर्यंत घेऊन आली. संध्याकाळ झाली. वाटेत सतरंजीचा एक कोपरा फाटला, तो अल्ताफने हाताला गुंडाळून धरला. ती सबंध वेळ वर झाडांकडे बघत होती. मी बाजूने चालत होते आणि तिच्याशी एक शब्द बोलले नाही.

मंडळाचा एक फॉर्म असतो, अपघात झाला तर भरायचा. तो मी दवाखान्याच्या बाकावर बसून भरला. लिहिलं, "स्पष्ट मराठीत वारंवार सूचना देऊनही सहभागी विद्यार्थिनीने सूचनेचे पालन केले नाही." सही केली. 'स्पष्ट' या शब्दाखाली रेघही मारली.

तिचे वडील विनायक सावंत एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. सज्जन माणूस, पण कागदावर आलं ते खरं, अशा नोकरीत आयुष्य गेलेलं. त्यांनी मला दोष द्यायला हवा होता. त्याऐवजी फोन करून माझीच माफी मागितली. म्हणाले, ताई, पोरगी ऐकलं होतं असंच म्हणतेय, खोटं बोलायची सवय नव्हती हो तिला. आता तिला कुठेही पाठवायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. ट्रेक बंद, जंगल बंद, आणि जी मुलगी साधी सूचना पाळत नाही तिने बायोलॉजी घेऊन रानोमाळ हिंडायचे बेत करू नयेत, म्हणून अकरावीला कॉमर्स. मी चांगलं बोलायचं ठरवलं होतं ना तिच्या वडिलांशी? मी म्हटलं, जरा शिस्त लागू दे.

आठवडाभराने पोस्टाने पाकीट आलं. आत वहीच्या कागदावर वडिलांनी लिहायला लावलेलं माफीपत्र. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढायला मी लाल पेन शोधत होते, इतकी मी चिडलेली होते. मजकूर एवढाच: "प्रिय काकू, बाबा म्हणतात मी तुमचं ऐकलं नाही. त्यासाठी सॉरी. पण मी ऐकलं होतं." मी म्हटलं, काय हट्टी कार्टी आहे. कागद ड्रॉवरमध्ये टाकला.

गणपतीच्या तयारीसाठी मंडळाच्या हॉलवर गेले तेव्हा तिथले देखरेख करणारे रामफलजी माझ्या मागे लागले. हा माणूस हॉलमधला एकेक चमचा ओळखतो. तक्रार करत आले, "मैडम, वो दरी जो आप पहाड़ पे ले गई थीं, कोने से फटी पड़ी है. सिलवा दूँ?"

माझं लक्ष नव्हतं. म्हटलं, कौन सी दरी?

"अरे वही, नीली पट्टी वाली. जिस पे बच्चे बैठते हैं."

मी तिथेच खुर्चीत बसले. रामफलजींनी पाणी आणलं, त्यांना वाटलं चक्कर आली.

दिल्लीत राहून मला दरी म्हणजे सतरंजी हे माहीत नव्हतं का? होतं की. भाजीवाल्याशी, शेजारणीशी, रामफलजींशी हा शब्द मी शेकडो वेळा वापरलाय. पण माझ्या डोक्यात हिंदीचा डबा वेगळा आणि मराठीचा वेगळा, आणि मंडळाच्या ट्रेकवर हिंदीचा डबा उघडायचा नाही असं मीच ठरवलेलं. त्या मुलीकडे दोन डबे नव्हते. तिच्यासाठी दरी एकच होती, ज्यावर ती बसली होती ती. काकू ओरडल्या, दरीपासून लांब व्हा, सगळे लांब. ती लांब झाली. सगळ्या मुलांत माझं अक्षरशः ऐकणारी ती एकटीच होती. 'ध'चा 'मा' आपल्याला शाळेपासून माहीत असतो. माझ्या बाबतीत तर एक अक्षरही बदललं नव्हतं.

आणि सकाळी तिने हात वर केला होता. दरी म्हणजे काय, एवढंच विचारायचं असणार. पण विचारायचं कुठल्या भाषेत? तोंडातून हिंदी निघाली तर पोतं. मराठी शिकवायची म्हणून मी असा नियम केला की शब्द अडला तर विचारायची सोय राहू नये. शिवाय कचरा उचलणं ही शिक्षा आहे, हेही मीच मुलांना शिकवलं. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही.

त्याच संध्याकाळी सावंतांच्या क्वार्टरवर गेले. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. बरोबर दुसरा कागद लिहून नेला होता, कारण सावंतांना कागदच पटणार. "सहभागी विद्यार्थिनीने सूचनेचे तंतोतंत पालन केले. सूचनाच चुकीची होती." खाली सही. त्यांनी तो उभ्याउभ्या वाचला, मग बसून वाचला. मी दरीचं सांगितलं. त्यांच्या मिसेस आतून म्हणाल्या की अहो, खरंच, आपण घरात कधी दरी म्हणतच नाही, खाई म्हणतो. सावंतांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "मी तिचं ऐकूनच घेतलं नाही, ताई. तुमची सही होती ना."

तन्वी दारात उभी होती, पायाला प्लास्टर. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा काकू जाऊ दे म्हणेल. ती वैतागलेली होती. माझ्याइतकीच.

"मी तेव्हाच सांगितलं होतं," ती म्हणाली. "लेटरमध्येपण लिहिलं होतं."

"हो. चुकलं माझं."

"आणि तुम्ही डोंगराच्या बाजूला म्हणत होता. डोंगराची बाजू म्हणजे कुठली? तिथे सगळीकडे डोंगरच होता."

बावीस वर्षं मी तो नियम सांगत आले आणि हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. कदाचित विचारायची हिंमत झाली नसेल. मी तिला म्हटलं, आणखी कुठले शब्द कळले नाहीत? ती आत जाऊन ती वही घेऊन आली. मागच्या पानावर यादीच होती. कडा, तिला वाटलं हातात घालायचा. ओढा, म्हणजे काय पांघरलं होतं? खडा, कोण उभा? मी हसायला लागले आणि मग हसता येईना. पुढची पानं उलटली तर तिने अंथरुणात पडल्या पडल्या नेच्यांची चित्रं पुन्हा स्वच्छ काढली होती. जिथे जायला आता मिळणार नव्हतं, त्या जंगलाची.

मी सावंतांना म्हटलं, ही वही बघा. त्यांनी बघितली. कॉमर्सचा विषय त्या दिवशी निघाला नाही, आणि पुढे कसा मिटला ते मला माहीत नाही. मिटला एवढं कळलं.

तेव्हापासून माझे नियम बदलले. पोतं पहिला तास मी उचलते, मग ज्याला हवं तो मागून घेतो. सूचना मी देते आणि मग प्रत्येकाने ती आपल्या भाषेत मला परत सांगायची, हिंदी, इंग्रजी, खाणाखुणा, काहीही. वेळ लागतो. मराठीचा आग्रह सोडलाय का? मुळीच नाही. चीडही तेवढीच येते. फक्त आधी खाई म्हणते, मग दरी शिकवते.

गेल्या वसंतात, बुरांश, म्हणजे तिकडचा ऱ्होडोडेंड्रॉन, लालभडक फुललेला असताना, मुलांची नवी तुकडी घेऊन मी त्याच वाटेवर गेले. माझा शेवटचा मोठा ट्रेक. रांगेच्या शेवटी अल्ताफ, आणि त्याच्याबरोबर, किंचित लंगडत, तन्वी. आता अकरावीत आहे, बायोलॉजी. वडिलांनी स्वतः बसवर आणून सोडलं होतं. निघण्याआधी मी मुलांना गोल उभं केलं आणि विचारलं, दरी म्हणजे काय, कोण सांगेल?

मुलं एकमेकांकडे बघत होती. मागून तन्वीचा आवाज आला.

"दोन असतात. एकीत मी पडले, दुसरीत घालून मला नेलं. काकू कुठली म्हणतायत ते आधी विचारायचं." मग तिने माझ्या खांद्यावरच्या पोत्याकडे बघितलं आणि म्हणाली, "विचारा बिनधास्त. आता विचारलं तर पोतं नाही देत त्या."